हिंगोली डेक्कन : सीमेवरचे रेल्वे स्थानक आणि मीटरगेज प्रवासाच्या आठवणी

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याचा आधुनिक इतिहास त्यामुळे बहुतांशी परभणीच्या गॅझेटिअरमध्ये आणि हैदराबाद संस्थानाच्या कागदपत्रांत विखुरलेला आहे. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, नर्सी येथील संत नामदेवांचे स्थान, हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले. जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या वाट्याला मात्र अभ्यासकांपेक्षा प्रवाशांच्या आठवणीच अधिक आल्या आहेत. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांपाशी विषय काढावा आणि त्यांनी ‘छोट्या गाडी’चे दिवस सांगू लागावे, असा अनुभव या भागात सहज येतो.

या आठवणी हृद्य आहेत. परंतु त्या बहुतेक एकाच कालखंडाच्या आहेत. १९६० च्या आसपास हिंगोलीच्या पुढे रूळ पडले, तेव्हापासून मीटरगेज बंद होईपर्यंतचा हा काळ होय. त्यापूर्वी सुमारे अर्धे शतक हिंगोली हे शेवटचे स्थानक होते. गाडी येथे येई, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी आल्या वाटेने परत जाई. ती येथेच का थांबत होती, हा प्रश्न आठवणींत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात या थांबण्याचा आणि नंतरच्या पुढे जाण्याचा विचार केला आहे.

लोहमार्गापूर्वीची हिंगोली

कयाधू नदीच्या काठची हिंगोली एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणी म्हणून ओळखली जात होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ते एक ठाणे होते. फौजेबरोबर उत्तर हिंदुस्थानी शिपाई, त्यांचे दुकानदार, सावकार, कारागीर आले. हिंगोलीच्या प्रसिद्ध दसरा उत्सवातील रामलीलेच्या परंपरेत या उत्तरेकडील वळणाची खूण अद्याप दिसते.

त्या काळी प्रवास म्हणजे बैलगाडी, तट्टू किंवा पायवाट. फिलिप मेडोज टेलर याच्या १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा उल्लेख आहे. छावणीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा एक इसमच ठगांचा म्होरक्या निघाल्याची हकिकत त्यात येते. कादंबरीकाराच्या लेखणीचा भाग वगळला तरी वाटचाल किती बेभरवशाची होती, याची कल्पना त्यावरून येते. पुढील काळात लोक रेल्वेच्या मुसाफिरखान्यात निर्धास्त झोपू लागले, हा बदल लहान नव्हता.

१९०२ च्या करारान्वये वऱ्हाड प्रांत सालिना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये कंटिन्जंट फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. हिंगोलीची छावणी त्यामुळे संपुष्टात आली. येथील लोहमार्ग पलटणीसाठी टाकला गेला असावा असा एक सर्वसाधारण समज आढळतो. कालक्रम त्याला आधार देत नाही. मार्ग आला तेव्हा पलटण जाऊन नऊ वर्षे लोटली होती. हिंगोलीकडे रूळ ओढून आणले ते प्रामुख्याने कापसाने.

सीमेवर थांबलेला मार्ग

हैदराबाद संस्थानातील पहिला लोहमार्ग १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद असा सुरू झाला. १८८३ मध्ये निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी लंडनमध्ये उभी राहिली. गुंतवणूकदारांना व्याजाची हमी संस्थानाने द्यावयाची, म्हणून नावात ‘गॅरंटीड’. या व्यवहाराचा बोजा रयतेवर पडणार, अशी टीका त्याच वेळी हैदराबादेत झाली. चांदा रेल्वे योजनेला उघड विरोध करणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) यांना तर संस्थानाबाहेर घालविण्यात आले. रेल्वे म्हणजे केवळ सोय, असे तत्कालीन सुशिक्षितांना वाटत नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मराठवाड्यात रेल्वे आली ती हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेच्या रूपाने. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात, म्हणजे छपन्नाच्या दुष्काळाच्या आगेमागे, टप्प्याटप्प्याने खुला झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे त्यामुळे जोडली गेली. याच मार्गावरील पूर्णेहून १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत सुमारे ५० मैलांचा, म्हणजे ८० किलोमीटरचा, फाटा काढण्यात आला. पूर्णा सोडल्यावर वसमत, चोंढी, बोल्डा अशी स्थानके घेत गाडी हिंगोलीस पोहोचे, आणि रूळ तेथेच संपत.

नकाशा पाहिला म्हणजे या संपण्याचे आश्चर्य वाटते. हिंगोलीपासून वाशीम सुमारे ५० किलोमीटर आणि वाशीमच्या पुढे अकोला. अकोला हे मुंबई–नागपूर ब्रॉडगेज मार्गावरील कापसाचे मोठे पेठगाव. मुंबईकडे जाणाऱ्या हिंगोलीच्या कापसाला अकोल्याची वाट सरळ होती. तरीही रूळ त्या दिशेने गेले नाहीत. कापसाच्या गाठींनी आधी दक्षिणेला पूर्णेस यावे, तेथून पश्चिमेला वळून मनमाड गाठावे, मनमाडला हमालांच्या पाठीवरून छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत चढावे आणि मग मुंबईला जावे, असा हा वळसा होता.

याचे कारण भूगोलात नाही, राज्यव्यवस्थेत आहे. हिंगोलीच्या उत्तरेस काही कोसांवर संस्थानाची हद्द संपून वऱ्हाड सुरू होत असे. या हद्दीवर दोन राज्यांचे कायदे, दोन दरबारी भाषा आणि दोन नाणी समोरासमोर येत. संस्थानात हाली रुपया, पलीकडे कळदार. सहा कळदारांना सात हाली असा साधारण हिशेब होता. मालावर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, द्यावी लागे. हिंगोली–वाशीम रस्त्यावरील कान्हेरगाव आजही ‘कान्हेरगाव नाका’ म्हणून ओळखले जाते आणि रेल्वे स्थानकालाही तेच नाव आहे. हा ‘नाका’ त्या हद्दीचीच आठवण असावी. संस्थानाच्या हमीवर उभ्या राहिलेल्या कंपनीने संस्थानातील माल दहा-पंधरा कोसांनंतर दुसऱ्याच्या रुळांवर सोडून द्यावा, यापेक्षा तो शेकडो मैल आपल्याच मार्गावरून मनमाडला न्यावा, हे उत्पन्नाच्या दृष्टीने अधिक सोयीचे होते, असा तर्क करता येतो.

मालाचा हिशेब असा होता. माणसांच्या बाबतीत तो निराळा होता. हिंगोली, सेनगाव, वाशीम, रिसोड या परिसरात सोयरिकी हद्द ओलांडून होत आल्या होत्या. वाशीमची लेक हिंगोलीला दिली तर तिला माहेरी जाण्यासाठी रेल्वे निरुपयोगी होती. तिच्यासाठी बैलगाडीच खरी. म्हणजे गावात रेल्वे आली, तिची शिट्टी रोज कानी पडू लागली, परंतु अर्ध्या गणगोताकडे ती जात नव्हती. रेल्वेने देश जोडला असे शालेय पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते, ते हिंगोलीच्या संदर्भात १९१२ ते १९६० या काळापुरते जपूनच स्वीकारावे लागते. पूर्णा, परभणी, नांदेड, हैदराबाद यांच्याशी तिने हिंगोलीला घट्ट बांधले. वऱ्हाडच्या बाजूला मात्र तिने जुन्या हद्दीवर जणू लोखंडाची रेघ ओढली.

या काळात मालकी बदलत राहिली. १ एप्रिल १९३० रोजी संस्थानाने कंपनीकडून रेल्वे ताब्यात घेतली आणि ती ‘निजाम्स स्टेट रेल्वे’ झाली. याच रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूकही सुरू केली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १ एप्रिल १९५० रोजी रेल्वे केंद्र सरकारकडे गेली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी नव्या दक्षिण मध्य रेल्वेत आली.

खांडवा–हिंगोली जोड

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ हे दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हिंगोली व वाशीम यांच्यामधील शतकभराची हद्द आता केवळ दोन जिल्ह्यांमधील सीमा उरली. याच सुमारास खांडवा–हिंगोली मीटरगेज जोडमार्गाचे काम पूर्ण झाले, हा निव्वळ योगायोग नव्हे. रुळांना अडवणारी राजकीय भिंत पडल्यावरच रूळ पुढे सरकू शकले.

हिंगोलीहून कान्हेरगाव नाका, वाशीम, बार्शीटाकळी, अकोला, अकोट असा हा मार्ग सातपुड्यात शिरतो. मेळघाटातील धूळघाटाजवळ चढण तोडण्यासाठी रूळ स्वतःच्याच वरून वळसा घेऊन जात. गाडी वरच्या अंगाला आली म्हणजे काही वेळापूर्वी मागे टाकलेला मार्ग खिडकीतून खाली दिसे. या वळणाची गोष्ट ऐकविल्याशिवाय या मार्गावरचा जुना प्रवासी थांबत नाही.

पलीकडे खांडव्याला होळकर संस्थानाच्या मदतीने झालेला मार्ग आधीपासूनच होता. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये त्यासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. महू, इंदूर, रतलाम, चित्तोडगड, अजमेर असे मीटरगेजचे जाळे तेथून उत्तरेस पसरले होते. दक्षिणेस सिकंदराबादहून द्रोणाचलमकडे मीटरगेज गेलेच होते. या दोन जाळ्यांमध्ये जी फट होती, तिच्या एका काठावर हिंगोली होती. फट बुजताच एका फाट्याचे शेवटचे स्थानक राजस्थान ते दक्षिण भारत अशा सलग मार्गावरचे मधले स्थानक झाले. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे स्थान बदलले.

छोटी गाडी

या काळाची खूण म्हणजे मीनाक्षी एक्स्प्रेस. नाव मदुरेच्या देवीचे. धाव मात्र काचीगुडा ते जयपूर. मदुरेला न जाणाऱ्या गाडीला हे नाव का, अशी गंमत प्रवासी आपसात करीत. हिंगोलीच्या दृष्टीने या गाडीचे महत्त्व तिच्या वेगात नव्हते, तर ती कोणकोणाला कुठे नेत होती यात होते. व्यापारानिमित्त पिढ्यान् पिढ्या येथे स्थायिक झालेल्या मारवाडी कुटुंबांना ती मूळ गावच्या दिशेची गाडी होती. ख्वाजासाहेबांच्या उरुसाला जाणाऱ्या मुस्लिम भाविकांना ती गाडी न बदलता अजमेरला उतरवीत असे. औंढा नागनाथाचे दर्शन घेतलेला यात्रेकरू त्याच मीटरगेजने ओंकारेश्वराकडे जाऊ शकत होता. नर्मदाकाठचे ओंकारेश्वर रोड स्थानक याच वाटेवर होते. उलट दिशेने नांदेडच्या गुरुद्वाऱ्याकडे आणि नर्सीला येणारे शीख यात्रेकरू असत. एका लहान जिल्ह्याचा एवढ्या विविध श्रद्धास्थानांशी बिनबदलाचा संबंध जुळविणारे दुसरे साधन त्या काळी नव्हते.

रोजच्या आयुष्यातील गाडी मात्र एक्स्प्रेस नव्हे, पॅसेंजर. तिच्याविषयीच्या आठवणींत तपशील आश्चर्यकारक अचूकपणे टिकलेले आढळतात. जाड पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट आणि त्यावर तारीख उमटविणाऱ्या यंत्राचा ‘खटक्’ असा आवाज. १९७४ पर्यंत अस्तित्वात असलेला तिसरा वर्ग आणि त्यातील लाकडी बाके. गाडी सुटण्याच्या बेतात असताना स्टेशन मास्तर चालकाच्या हाती देई ती वेताची मोठी कडी. तिच्या पिशवीतील लोखंडी गोळा मिळाल्याखेरीज एकेरी मार्गावर पुढील टप्प्यात शिरण्याची चालकास मुभा नसे. न थांबणाऱ्या गाडीच्या चालकाने ती कडी धावत्या इंजिनातून दंडावर झेलायची, हे पाहण्यासाठी शाळकरी मुले फलाटावर थांबत.

वायपी आणि वायजी जातीची वाफेची इंजिने पूर्णेच्या लोको शेडमधून येत. पूर्णा हे गाव या शेडभोवती आणि रेल्वे वसाहतीभोवतीच वाढले. फिटर, फायरमन, गँगमन अशा नोकऱ्यांनी परिसरातील भूमिहीन कुटुंबांना प्रथमच महिन्याचा ठरलेला पगार पाहावयास मिळाला. शेताच्या बांधावरून सुटून रुळाच्या बांधावर आलेल्या या पिढीचा इतिहास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुढे वाफ जाऊन डिझेल इंजिने आली. आठवणी सांगणारे मात्र डिझेलविषयी फारसे बोलत नाहीत.

वसमत, चोंढी, बोल्डा येथून विद्यार्थी नांदेडकडे जात. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० मध्ये तेथे सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजामुळे उच्च शिक्षण हैदराबादेऐवजी हाताशी आले होते. आणि ‘हाताशी’ म्हणजे प्रत्यक्षात पॅसेंजरच्या अंतरावर. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडे. बाजाराच्या दिवशी डब्यात भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे, हळदीची पोती आणि माणसे यांत फारसा भेद नसे. दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीकडे येणाऱ्या गाड्या ओसंडून वाहत.

या आठवणींतील गोडव्याबरोबर गैरसोयही नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मीटरगेजचे रूळ एक मीटर अंतराचे, ब्रॉडगेजचे १ मीटर ६७६ मिलिमीटरचे. डबा अरुंद, वेग मर्यादित, आणि मुंबई वा पुण्याला जाणाऱ्यास ब्रॉडगेजच्या तोंडाशी सामान-मुलांसह गाडी बदलणे अटळ. आजारी माणसाला मुंबईच्या रुग्णालयात नेणाऱ्या कुटुंबाला मध्यरात्री मनमाडचा फलाट काय वाटत असेल, हे ‘छोट्या गाडी’च्या स्मरणरंजनात येत नाही. मराठवाडा जनता विकास परिषदेने गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली रुंदीकरणाची मागणी दीर्घकाळ लावून धरली, ती याच अनुभवाच्या बळावर. आज हळहळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या मागणीला तेव्हा पाठिंबा दिला होता. यात विसंगती नाही. माणूस सोय मागतो आणि गैरसोयीच्या सोबतीने घालविलेले दिवस आठवतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

रुंदीकरणानंतर

१९९० च्या दशकात मनमाडच्या बाजूने रुंदीकरण पुढे सरकत गेले. मुख्य मार्ग ब्रॉडगेज होत गेला तशी मीनाक्षीची धाव आखूड झाली. अखेरच्या वर्षांत ती काचीगुड्याऐवजी पूर्णेपर्यंतच येई. १ एप्रिल २००३ रोजी नांदेड हा स्वतंत्र रेल्वे विभाग झाला. पूर्णा–अकोला या सुमारे २१० किलोमीटर मार्गाचे रुंदीकरण २००८ च्या सुमारास पूर्ण होऊन जिल्ह्यातील मीटरगेज संपले. अमरावती–तिरुपती, हैदराबाद–जयपूर यांसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या हिंगोलीवरून धावू लागल्या.

परंतु अकोल्याच्या उत्तरेस छोटी गाडी आणखी आठ-नऊ वर्षे चालत राहिली. अकोला–खांडवा मीटरगेज जानेवारी २०१७ पासून बंद झाले. अकोटपर्यंत नवे रूळ पडून २०२२ मध्ये गाडी सुरू झाली. पुढचा टप्पा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून, या प्रश्नावर दीर्घकाळ अडला. वन्यजीवांच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच होता. मात्र त्याचा परिणाम असा की, १९६० च्या सुमारास बुजलेली फट काहीशी उत्तरेला सरकून पुन्हा उघडली आणि खांडव्याकडे जाणाऱ्या गाड्यांना भुसावळच्या बाजूने वळसा घेणे भाग पडले. या वेळी कारण संस्थानाची हद्द हे नव्हते, जंगलाची हद्द हे होते.

या बदलांत वस्तूंची जी वाताहत झाली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे होते. जुने सिग्नल, गोळा देणारी लाल यंत्रे, लाकडी तिकीट-कपाटे, मैलाचे दगड हे रुंदीकरणात भंगार ठरते. स्थानकावरील नोंदवह्यांची मुदत भरली की त्या निकाली निघतात. पूर्णा–हिंगोली फाट्यावर १९१२ नंतर किती माल गेला, कोणत्या महिन्यात किती तिकिटे विकली गेली, दुष्काळाच्या वर्षी पूर्णेच्या दिशेने एकेरी तिकिटे वाढली का, हे प्रश्न स्थानकपातळीवरच्या अशा कागदांवाचून सुटणारे नाहीत. वाफेच्या काळात फायरमन वा पॉइंट्समन म्हणून भरती झालेल्यांपैकी फारच थोडे आज हयात आहेत. पूर्णा, वसमत आणि हिंगोली येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना या वृद्धांची निवेदने ध्वनिमुद्रित करणे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. एक सत्र आणि दहा-बारा विद्यार्थी पुरेसे आहेत. प्रश्नावली करताना मीनाक्षीबरोबरच, त्यांच्या आईवडिलांनी सांगितलेल्या करोडगिरीच्या, हाली-कळदारच्या आणि वाशीमच्या बैलगाडीच्या हकिकती आवर्जून विचाराव्यात. ती स्मृती दुसऱ्या पिढीच्या तोंडी आहे आणि तिसऱ्या पिढीपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाही.

२०२३ मध्ये हिंगोली स्थानकाचा समावेश अमृत भारत स्थानक योजनेत झाला. २०२४ मध्ये मुंबई–जालना जनशताब्दी एक्स्प्रेसचा विस्तार हिंगोलीपर्यंत करण्यात आला. मुंबईहून निघालेली ही गाडी हिंगोलीला येऊन थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. फलाटावरील नाव ‘हिंगोली डेक्कन’ असेच आहे.